जेवणाआधीचा पाठ

पुतळाबाईंची खरी तिथी मंगळवारी होऊन गेली होती. पण मंगळवारी कोणालाच सुट्टी नव्हती, म्हणून घरच्यांनी ती रविवारच्या सर्वपित्रीवर ढकलली. हयात असताना पुतळाबाईंनी असलं काही ऐकून घेतलं नसतं. आता त्यांचा इलाज नव्हता.

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या पाचव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये वडे, भोपळ्याची भाजी, अळूवडी आणि तांदळाची खीर केव्हाची तयार होती. पुतळाबाईंचं पान वाढून गच्चीवर नेऊन ठेवलं होतं, कारण कबुतरांसाठी गॅलरीला जाळी लावल्यापासून कावळ्यांनाही तिथे प्रवेश उरला नव्हता. अडचण एवढीच की बिल्डिंगमधल्या सगळ्याच घरांनी गच्ची गाठली होती. वर पानांची रांग लागली होती आणि कावळे पाण्याच्या टाकीवर बसून पचवत होते. हे सगळं पुतळाबाईंचा धाकटा नातू हर्षवर्धन स्वतः वर जाऊन पाहून आला.

"आपल्या पानाकडे बघत पण नाहीत," तो म्हणाला. "शेजारच्यांनी पुरी ठेवलीय."

जयवंतीबाईंनी, म्हणजे पुतळाबाईंच्या सुनेनं, स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकला आणि त्यावर बसून घेतलं. कावळा शिवल्याशिवाय आत कोणी पाऊल टाकणार नाही, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही.

"त्यांची कायतरी इच्छा राहिली असंल," त्या म्हणाल्या.

पुतळाबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि जिवंतपणी त्यांची इच्छा विचारायची पद्धत या घरात नव्हती. पण रिकाम्या पोटी माणसाला बरंच काही आठवतं. थोरला नातू सुमेध म्हणाला की आजीला नेहमी वाटायचं, घरातल्या मुलींनी पंख्याखाली बसून नोकरी करावी, तेव्हा उद्याची उन्नतीची मुलाखत व्यवस्थित पार पडावी अशी तिची इच्छा असणार. हर्षवर्धनला आठवलं ते वेगळंच. आजी म्हणायची, घरातल्यांनी घरातल्यांनाच हात द्यावा. त्याचे विरारला क्लासेस होते, दुसरी शाखा निघायची होती आणि तिथे गणिताला कोणी मिळत नव्हतं. दोघांच्या वडिलांनी, आत्माराममास्तरांनी, वर्तमानपत्र बाजूला केलं आणि सांगितलं की आपली आई खाडीकाठच्या शेतावर राबली ती मुलानं मास्तर व्हावं म्हणून, आणि तो झाला. तेव्हा तिची इच्छा राहिलीच असेल तर ती त्याच दिशेची असेल.

"त्यांची इच्छा एकच व्हती," जयवंतीबाई म्हणाल्या. "दुपारी वेळेवर जेवायची. ती कोनी पुरी नाय केली."

मास्तरांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

ज्या उन्नतीवरून हे चाललं होतं ती सुमेधची मुलगी. नुकतंच बी.एड. झालेली, सोफ्याच्या हातावर बसलेली. उद्या सोमवारी सकाळी तिला चांदीप गावच्या एका शाळेत सहावीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा होता. पाठ आवडला तर नोकरी. आणि नेमकं उद्याच सकाळी अंधेरीच्या एका कंपनीत तिची मुलाखत होती, ती सुमेधनं जुन्या सहकाऱ्याच्या पाठीमागे लागून ठरवली होती. दोन्हीकडे जाता येणार नव्हतं. चांदीपहून अंधेरीला वेळेत पोचायचं तर उडून जावं लागलं असतं. गेले आठ दिवस घरात या विषयावर कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचे घसे बसल्यासारखे झाले होते.

उन्नतीची आई संजना कोणाच्या बाजूची, हे तिनं कळू दिलं नव्हतं. नवऱ्यासमोर ती अंधेरी म्हणायची. मुलीसमोर काहीच म्हणायची नाही. काल तिनं बसून दोन जोड इस्त्री केले होते, अंधेरीसाठी पॅन्ट-शर्ट आणि चांदीपसाठी सुती साडी, आणि कपाटाच्या दाराला शेजारी शेजारी टांगून ठेवले होते. साडीला खळ केली होती. शर्टाची कॉलर मात्र थोडी चुरगळलेलीच राहिली होती, आणि ते सुमेधनं पाहिलं नव्हतं.

"कावळा येईपर्यंत रिकामं बसायचं कशाला," मास्तर म्हणाले. "उन्नती, पाठ घे. आम्ही वर्ग."

सुमेध म्हणाला की आज आजीचा दिवस आहे, शाळा कशाला. मास्तर म्हणाले, आजीचा दिवस आहे म्हणूनच. दोघांचं बोलणं इतकंच झालं. त्यांचं बोलणं नेहमी इतकंच व्हायचं.

महिनाभर मास्तर नातीला रोज संध्याकाळी तयार करत होते. फळ्यावर लिहिताना वर्गाला पाठ दाखवायची नाही. प्रश्न आधी, नाव नंतर. आवाज शेवटच्या बाकापर्यंत. आणि 'माहीत नाही' हे शब्द मास्तरानं वर्गात उच्चारायचे नाहीत, वाटलं तर खोकावं. या नियमांवर त्यांनी सगळी नोकरी काढली होती आणि ती वाया गेली असं कोणी म्हणू शकलं नसतं. वसईत बँकेत जा, तहसील कचेरीत जा, कोणीतरी खुर्चीवरून उठून 'सर' म्हणत वाकायचंच. गुरुपौर्णिमेला नारळांचा ढीग पडायचा. सुमेधला लहानपणापासून नारळाची चटणी आवडत नाही त्याचं कारण तेच असावं.

वर्ग बसला. मास्तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसले, नवशिक्या शिक्षकांचे पाठ तपासायला बसायचे तसे. जयवंतीबाई पाटावरून हलल्या नाहीत, तिथूनच विद्यार्थिनी झाल्या. संजनानं पदर खोचला आणि पहिल्या रांगेत बसली. हर्षवर्धननं त्याच्या क्लासचा पांढरा फळा आणला होता, भेट म्हणून. फळ्याच्या वरच्या पट्टीवर 'हर्षवर्धन अकॅडमी' आणि फोन नंबर छापलेला होता, त्यामुळे लिहायला जागा जरा कमी होती.

"आज आपण अपूर्णांकांचा भागाकार शिकणार आहोत," उन्नती म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. शेवटच्या बाकानं मान डोलावली.

वर्ग फारच हुशार निघाला. हर्षवर्धन प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा. संजना लेकीचं वाक्य सुरू झालं की मान हलवायला लागायची. समजलं का, असं विचारलं की जयवंतीबाई आतून हो म्हणायच्या, आणि एकदा तर उन्नतीनं काही विचारायच्या आधीच म्हणाल्या. उन्नतीनं फळ्यावर एक द्वितीयांश भागिले एक चतुर्थांश लिहिलं, दुसरा अपूर्णांक उलटवला, भागाकाराच्या जागी गुणाकाराचं चिन्ह केलं आणि उत्तर काढलं, दोन. अक्षर सुरेख होतं. पाठ चांगला चालला होता, आणि तरी तिला कसंतरी वाटत होतं. उद्या चांदीपला असा वर्ग मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सुमेध सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता. तो या वर्गात नाहीच, असं त्यानं बसण्यावरूनच जाहीर केलं होतं. पण त्याचं लक्ष फळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. अर्धा, भागिले पाव, बरोबर दोन. हेच गणित. हीच चिन्हं, हाच क्रम. सहावीत असताना गावच्या शाळेत अण्णांनी, म्हणजे मास्तरांनी, हेच फळ्यावर लिहिलं होतं, आणि सुमेधनं हात वर करून विचारलं होतं की भागल्यावर तर संख्या लहान होते, मग हे उत्तर मोठं कसं झालं. वर्ग हसला होता. अण्णा हसले नव्हते. "नियम आहे. बस खाली," असं म्हणून ते पुढच्या गणिताकडे वळले. सुमेध बसला. नंतर त्या वर्गात त्यानं कधी काही विचारलं नाही, घरीही नाही. संध्याकाळी ओसरीवर गावातली पोरं शिकायला यायची, अण्णा त्यांच्याशी हसून बोलायचे, तेच तेच समजावून सांगायचे, आणि सुमेध आत बसून त्यांचा आवाज ऐकायचा. त्याला त्या पोरांचा राग यायचा. तो राग आजही होता, फक्त ती पोरं आता तहसील कचेरीत होती.

"एक विचारू?" तो म्हणाला.

संजनानं वळून त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता.

"विचारा ना," उन्नती म्हणाली.

"भागल्यावर लहान व्हायला पाहिजे. सहा भागिले दोन, तीन होतात. मग हे अर्ध्याचे दोन कसे झाले? मोठं कसं झालं?"

पोरीला अडवायचं, एवढाच हेतू आहे असं त्यानं स्वतःला सांगून ठेवलं होतं. प्रश्न तोंडातून बाहेर पडला तसं त्याला कळलं की त्याला उत्तर हवंय. त्याला फार लाज वाटली.

"दादा, किती मार्कांना येतं ते?" हर्षवर्धन म्हणाला. "उलटव, गुण, पुढे हो. मी पोरांना तेवीस सेकंदांत करायला लावतो."

मागे खुर्ची किंचित सरकली. "सांग त्याला," मास्तर म्हणाले. "दुसरा अपूर्णांक उलटवून..."

"आजोबा, तुम्ही शेवटच्या बाकावर आहात," उन्नती म्हणाली. "काका, तुम्ही पण थांबा."

मग ती स्वतःही थांबली. तिनं डोक्यात सगळं चाचपून पाहिलं. महिनाभराचे नियम होते, व्याख्या पाठ होत्या, वहीत नेटके पाठ लिहिलेले होते. मोठं कसं झालं, हे त्यात कुठेच नव्हतं. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिला नंदाखालच्या शाळेतल्या एलिसा टीचर आठवल्या. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी उन्नती तिथे सरावाला होती. गणिताचा तास आला की प्रिस्का नावाच्या एका मुलीला नेमकी तहान लागायची. उन्नतीनं तक्रार केली तेव्हा एलिसा टीचर म्हणाल्या, मग जा की तिच्याबरोबर नळावर. उन्नती गेली. पुढच्या तासालाही गेली. नळावर काही दिवस नुसतंच पाणी पिऊन झाल्यावर प्रिस्कानं हळूच विचारलं होतं की हातचा म्हणजे कोणाच्या हातचा. पाचवीतली मुलगी, आणि कोणालाच माहीत नव्हतं की तिचं तिथेच अडलंय. मास्तरकी करायची हे उन्नतीनं त्या नळावर ठरवलं होतं. घरी ती हे कोणाला सांगू शकली नव्हती, कारण सांगायला गेलं की त्यात काहीच नव्हतं.

"मला माहीत नाही, पप्पा," ती म्हणाली.

मास्तर खोकले. जोरात खोकले, दोनदा, पण उशीर झाला होता.

"मला पण नियमच शिकवलाय. आपण बघू या. आजी, पाणी पाहिजे."

"खिरीला हात लावायचा नाय," जयवंतीबाई म्हणाल्या, पण उठल्या. संजनानं केकसाठी आणलेलं, रेघा असलेलं मापाचं भांडं काढून दिलं आणि पाव लिटरचे दोन पेले नीट मोजून बाजूला ठेवले. हे करताना ती नवऱ्याकडे पाहत नव्हती.

उन्नतीनं भांड्यात अर्ध्या लिटरच्या रेघेपर्यंत पाणी घेतलं आणि ते सुमेधच्या हातात दिलं. "ओता."

सुमेधनं एक पेला भरला. दुसरा भरला. भांडं रिकामं झालं.

"किती पेले?"

"दोन."

"अर्धा लिटर, पाव-पावचे पेले. काय केलंत तुम्ही?"

तो पेल्यांकडे पाहत राहिला. "वाटलं," तो म्हणाला. "म्हणजे मोजलं, किती वेळा निघतं ते." थोड्या वेळानं म्हणाला, "दोन म्हणजे दोन लिटर नाहीत. दोन पेले आहेत."

"हं."

"मग पाणी कुठे वाढलंय. पाणी तेवढंच आहे."

उन्नती काही बोलली नाही. एलिसा टीचरांकडून ती एवढं शिकली होती की इथे बोलायचं नसतं. पण ते फार कठीण होतं. तिच्या जिभेवर सगळं वाक्य येऊन बसलं होतं.

"पण उलटवायचं का?" सुमेधनं स्वतःलाच विचारलं. "चारनं का गुणायचं?" त्यानं भांडं उचलून त्याच्यावरच्या रेघा पाहिल्या. "एक लिटर घेतलं असतं तर चार पेले निघाले असते. आपण घेतलं अर्धं. म्हणून चाराचे अर्धे. चार आले ते तिथून." त्यानं मान वर केली. त्याच्या चष्म्यावर पाण्याचा थेंब उडाला होता. "एवढंच होतं?"

"एवढंच असेल," उन्नती म्हणाली. "मला पण आत्ताच कळतंय."

हर्षवर्धन भांड्याकडे बघत होता. क्लासच्या जाहिरातीत हे कसं बसेल, याचा तो विचार करत असावा, किंवा नसेलही. संजना डोळे टिपत होती आणि कोणी विचारलं असतं तर तिनं कांद्याचं नाव सांगितलं असतं. त्या दिवशी स्वयंपाकात कांदा नव्हता.

मग मागून आवाज आला.

"पाव भागिले अर्धा," मास्तर म्हणाले. "तिथे काय कराल? पाव लिटर पाणी आणि पेला अर्ध्या लिटरचा. एकही पेला भरत नाही. म्हणजे किती वेळा निघालं?"

ते परीक्षा घेत होते की खरंच विचारत होते, हे उन्नतीला पुढेही कधी कळलं नाही. त्यांचा आवाज शाळेतलाच होता. पण ते खुर्चीच्या टोकावर आले होते आणि त्यांचे हात मांडीवर होते. उत्तर ठाऊक असताना ते हात नेहमी पाठीमागे बांधत.

उन्नतीनं तोंड उघडलं.

"अर्धा," सुमेध म्हणाला. तो कधी उभा राहिला होता ते त्यालाच कळलं नव्हतं. त्यानं एका पेल्यातलं पाणी परत भांड्यात ओतलं आणि भांडं वडिलांसमोर नेऊन धरलं. "अर्ध्या लिटरचं भांडं समजा, अण्णा. ही अर्ध्या लिटरची रेघ म्हणजे काठ. पाणी इथपर्यंत आलं. भांडं अर्धंच भरलं, म्हणून अर्धा."

मास्तरांनी चष्मा वर सरकवून भांड्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नंतर म्हणाले, "बरोबर आहे."

सुमेधला आयुष्यात त्यांनी बरंच दिलं होतं. शिक्षण, घर, लग्नात घोडा. गणिताच्या उत्तराला बरोबर आहे म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. तो भांडं हातात घेऊन उभाच राहिला, कारण ते कुठे ठेवायचं ते त्याला सुचेना.

एवढ्यात हर्षवर्धनला गच्चीवरून वॉचमनचा फोन आला. कावळा खाली उतरला होता. नेमक्या कोणत्या पानाला शिवला हे वॉचमनला सांगता येत नव्हतं, पण रांग आपलीच होती. जयवंतीबाईंनी क्षणभर विचार केला आणि पाट उचलला. "रांगेतल्या बाया समजून घेतील," त्या म्हणाल्या.

पानं मांडली गेली. पंगत जमिनीवरच बसली, फळा भिंतीला टेकून तसाच उभा होता. वडे गार झाले होते, ते कोणी बोलून दाखवलं नाही. हर्षवर्धननं दोन घास खाल्ल्यावर विषय काढला की दुसऱ्या शाखेत पाण्याचं भांडं ठेवायला हरकत नाही, आणि उन्नती आली तर... जयवंतीबाईंनी त्याच्या पानात न विचारता आणखी एक वडा वाढला. त्याचं तोंड भरलं.

सुमेध खाली मान घालून जेवत होता. वडिलांच्या शेजारचंच पान त्याच्या वाट्याला आलं होतं. संजना वाढताना एकदा थबकली आणि पुढे गेली. उन्नतीला वाटलं, आता पप्पा काही बोलणार नाहीत, सकाळी उठून गाडीची किल्ली घेतील आणि अंधेरी म्हणतील, आणि आपल्याला नाही म्हणावं लागेल. आपण नाही म्हणू, हे तिला पक्कं माहीत होतं. पण त्यांना दुखवून चांदीपला जायचं तिच्या मनात नव्हतं. 

"अंधेरीला मी कळवतो," सुमेध म्हणाला. तो भाजीशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "येत नाही म्हणून. तिकडे रागावतील, रागावू देत."

 संजनाच्या हातातली खिरीची वाटी पानावर जरा जोरात टेकली गेली.

"पण उद्या तिथे एखादं पोर विचारील," तो पुढे म्हणाला, आता उन्नतीकडे बघून. "पहिल्या दिवशी नाही विचारणार. नंतर कधीतरी विचारील. सगळा वर्ग हसेल त्याला. तेव्हा त्याला बस खाली म्हणू नकोस. बाकी तुला काय शिकवायचं ते शिकव."

"नाही म्हणणार, पप्पा."

आत्माराममास्तरांनी भाताचा घास केला होता, तो हातातच राहिला. शेजारच्या पानाकडे न पाहता त्यांनी तो परत भातावर ठेवला.

"सहावीतलं ना?" ते म्हणाले. "खिडकीजवळ बसायचास तू."

"हो."

"मला तेव्हा सांगता आलं नसतं." त्यांनी बोटांना लागलेली शितं एकेक करून काढली. "माझ्या मास्तरांनी मला नियमच दिला होता. बस म्हटल्यावर बसलास ना पण?"

"बसलो, अण्णा," सुमेध म्हणाला. "उठायला आजचा दिवस लागला."